खसखस लक्ष्मीपुरीत चालते, दुबईत का चालत नाही?

दुबई, शारजा, अबुधाबी, रियाध किंवा सिंगापूरला निघालेल्या माणसाच्या बॅगेत खसखस घालू नका. सुटी पुडी नको, कांदा-लसूण मसाल्यात कुटलेली नको, अनारशाला लावलेली नको, डिंकाच्या लाडवातलीही नको. कोल्हापुरातून आखातात नोकरीला गेलेली मुलं भरपूर आहेत आणि घरच्या मसाल्याचा डबा दिल्याशिवाय इथली आई कुणाला निघू देत नाही, म्हणून हे आधी सांगितलं. संयुक्त अरब अमिरात आणि सौदी अरेबियात खसखस बंदी असलेल्या मालात मोडते. सिंगापूरचं नार्कोटिक्स खातंही तिला प्रतिबंधित मालात धरतं. एका प्रवाशाच्या कपड्यांवर पावावरचे तीन दाणे सापडले आणि त्याला दुबईत चार वर्षांची शिक्षा झाली, ही बातमी 2008 साली जगभर गाजली होती. ते दाणे खसखशीचेच होते.

हीच खसखस कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात किलोनं मिळते. दुकानदाराला तिच्यासाठी वेगळा परवाना लागत नाही आणि गिऱ्हाईकाला कुणी नाव विचारत नाही. तरीही त्यातली मूठभर परसात फेकली आणि ती उगवली, तर याच कोल्हापुरात गुन्हा होतो. यात विसंगती वाटते, पण ती नाही. कायदा त्या झाडाचा कोणता भाग समोर आहे, तो कुठे आहे आणि कुणाच्या हातात आहे, हे बघतो. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं उलगडत जातं.

खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी. झाड एकच, शास्त्रीय नाव पापावर सोम्निफेरम. फुलाच्या पाकळ्या गळल्या की देठावर लिंबाएवढं किंवा त्याहून थोडं मोठं हिरवं बोंड राहतं, वर चकतीसारखा मुकुट असलेलं. बोंडाच्या सालीत पांढऱ्या चिकाच्या नळ्या असतात. मॉर्फिन, कोडीन, थिबेन ही द्रव्यं त्या चिकात असतात. सालीला चिरा दिला की चीक बाहेर येतो आणि वाळून तपकिरी होतो, तीच अफू. बोंडाच्या पोटात पडद्यांना चिकटून हजारो बिया असतात. त्या बियांच्या आत चिकाच्या नळ्या नसतात, त्यामुळे मॉर्फिन जवळजवळ नसतंच. तेल मात्र भरपूर असतं, निम्म्याच्या आसपास. म्हणून जुनी खसखस खवट लागते.

भारताचा कायदा याच फरकावर उभा आहे. अमली पदार्थांचा 1985 चा कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्यात बोंडाच्या भुशाची व्याख्या अशी आहे: कापणीनंतरचे अफूच्या झाडाचे सगळे भाग, अख्खे असोत, तुकडे असोत की भुकटी, चीक काढलेला असो वा नसो, बी सोडून. ‘बी सोडून’ या शब्दांमुळे खसखस घातलेला पांढरा रस्सा कायद्याच्या बाहेर राहतो. बोंडाचं टरफल आणि देठ मात्र पूर्ण आत येतात. उत्तरेत याला डोडा, पोस्त किंवा डोडा चुरा म्हणतात. त्याची ‘अल्प मात्रा’ 1 किलोपेक्षा कमी आणि ‘व्यापारी मात्रा’ 50 किलोपेक्षा जास्त धरली जाते. अफूसाठी हेच आकडे 25 ग्रॅम आणि अडीच किलो आहेत. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत शिक्षा, व्यापारी मात्रेला किमान दहा आणि कमाल वीस वर्षं, शिवाय एक ते दोन लाख दंड. मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत. व्यापारी मात्रेच्या प्रकरणात जामीन मिळणं फार अवघड असतं, कारण आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे, याची न्यायालयाला आधी खात्री पटावी लागते.

‘अल्प’ म्हणजे माफ, असा एक गैरसमज सगळीकडे आहे. अल्प मात्रा हासुद्धा गुन्हाच आहे, फक्त शिक्षा कमी. फुलदाणीत ठेवायची म्हणून परदेशातून वाळलेली बोंडं मागवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. शोभेची असली तरी कायद्याच्या नजरेत ती बोंडंच.

राजस्थानात काही वर्षांपूर्वीपर्यंत डोडा पोस्ताची परवाना असलेली दुकानं होती, नोंदलेल्या व्यसनींना तिथे माल मिळायचा. 2016 च्या एप्रिलपासून ती बंद झाली. म्हणजे तिथे एक माणूस मार्चमध्ये कायद्यानं विकत घेत होता ती वस्तू एप्रिलमध्ये त्याच्या घरात गुन्हा ठरली. सवय लागलेल्यांसाठी उपचाराची सोय अपुरी असताना हे झालं आणि त्याची झळ गरीब शेतमजुरांना बसली, हे नोंदवायलाच हवं.

आता लागवडीकडे येऊ. अफूचं पीक घ्यायचा परवाना केंद्र सरकार देतं, राज्य नाही. तोही देशात फक्त ठरवून दिलेल्या पट्ट्यांत: मध्य प्रदेशात मंदसौर, नीमच, रतलाम, राजस्थानात चित्तोडगड, प्रतापगड, झालावाड, भीलवाडा, कोटा आणि आसपास, उत्तर प्रदेशात बाराबंकी आणि आणखी काही जिल्हे. महाराष्ट्राचा एकही तालुका यात नाही. त्यामुळे ‘आमच्या रानात परवाना काढून अफू करता येईल का’ याचं उत्तर ‘नाही’ एवढंच आहे. कुणी पैसे घेऊन असा परवाना मिळवून देतो म्हणत असेल, तर तो फसवतोय.

परवाना असलेल्या शेतकऱ्यावर किती नजर असते, ते पाहिलं की सरकार या झाडाला किती जपून हाताळतं ते कळतं. केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. अफूचं वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं आणि दरवर्षी नवं धोरण जाहीर होतं. एका शेतकऱ्याला मिळतो तो तुकडा साधारण दहा आरचा, आपल्या हिशेबानं दहा गुंठ्यांचा. अधिकारी येऊन तो मोजतात. जास्त पेरलं तर परवाना गेला. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारनंतर बोंडांना बारीक पात्यांच्या नश्तरानं चिरे देतात, रात्रभर चीक गळतो, सकाळी खरवडून गोळा करतात. दोन-तीन दिवसांनी त्याच बोंडाला पुन्हा चिरा. गावातल्याच एका शेतकऱ्याला लंबरदार नेमलेलं असतं. रोजचा चीक त्याच्यासमोर तोलून वहीत लिहायचा. हंगाम संपल्यावर सगळा माल सरकारी तोलावर द्यायचा आणि तो पुढे नीमच किंवा गाझीपूरच्या सरकारी कारखान्यात जातो. तिथे मॉर्फिनचं प्रमाण तपासतात. गेल्या काही वर्षांत हेक्टरी 4.2 किलो मॉर्फिन भरेल एवढा माल न देणाऱ्याला पुढच्या वर्षी चीक काढायचा परवाना मिळत नाही. बोंड न चिरता देण्याचा वेगळा परवाना आता आहे, त्यात शेतकरी बी काढून घेतो आणि रिकामं बोंड सरकारला देतो. गारपिटीनं पीक आडवं झालं तरी शेतकऱ्यानं ते आपल्या मनानं मोडायचं नाही. अर्ज द्यायचा, अधिकारी आले की त्यांच्यासमोर नांगर फिरवायचा.

या सगळ्या कडेकोट व्यवस्थेत एकच गोष्ट शेतकऱ्याची स्वतःची राहते, ती खसखस. अफूचा भाव सरकार ठरवतं आणि तो तुटपुंजा असतो. बी मात्र तो नीमच-मंदसौरच्या बाजार समितीत खुल्या बोलीनं विकतो. आपल्याकडे येणारी पांढरी खसखस बऱ्याच अंशी तिथलीच. देशाला ती पुरत नाही, म्हणून बाहेरून येते, मुख्यतः तुर्कस्तानातून. आयात मोकळी नाही. ठरावीक देशांतूनच माल आणता येतो, त्या देशात पीक कायदेशीर परवान्यानं घेतल्याचा दाखला लागतो आणि खरेदीचा करार ग्वाल्हेरला नोंदवावा लागतो. खसखशीचा भाव मध्येच भडकतो त्यामागे कधी कधी ही नोंदणी अडकलेली असते.

भाव चढला की भेसळ येते. राजगिऱ्याचा दाणा मिसळला तर डोळ्यांना पटकन कळत नाही. साधं भिंग घ्या. खसखशीचा दाणा मूत्रपिंडाच्या आकाराचा असतो आणि त्यावर जाळी दिसते. राजगिऱ्याचा दाणा गोल, चपटा आणि गुळगुळीत.

परसातल्या कुंडीचा प्रश्न इथे येतो. दुकानातली खसखस भाजलेली नसेल तर ती उगवू शकते आणि थंडीत इथल्या हवेत झाड छान वाढतं. लागवडीला कलम 18 लागतं, शिक्षा दहा वर्षांपर्यंत असू शकते. ‘आम्हाला ते खसखशीचं झाड वाटलं, अफूचं नाही’ हा बचाव टिकत नाही, कारण दोन्ही एकच. शिवाय आरोपीला माहिती होती असं हा कायदा आधी धरून चालतो, माहिती नव्हती हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर येते.

2012 साली बीड जिल्ह्यात अफूची शेती उघडकीस आली तेव्हा महाराष्ट्रात यावर बरीच चर्चा झाली. जमीन वाट्यानं किंवा खंडानं दिलेली असेल तर मालकानं निर्धास्त राहू नये. आपल्या जमिनीवर अशी लागवड दिसली की पोलिसांना किंवा संबंधित अधिकाऱ्याला कळवणं हे कलम 46 नुसार जमीनधारकाचं कर्तव्य आहे. कलम 47 हेच सरपंच, पंच आणि गावकामगारांना लावतं. जाणूनबुजून गप्प राहणारा स्वतः शिक्षेला पात्र होतो.

शोभेच्या पॉपीची रोपं नर्सरीतून आणणाऱ्यांनी मात्र घाबरायचं कारण नाही. लाल रानपॉपी, आइसलँड पॉपी, केशरी कॅलिफोर्निया पॉपी ही वेगळी झाडं आहेत. ओळख पानांवरून होते. रानपॉपीची पानं कातरलेली आणि देठावर खरखरीत लव असते. अफूचं पान निळसर राखाडी, मेणचट, जवळजवळ गुळगुळीत आणि देठाला मिठी मारल्यासारखं तळाशी गुंडाळलेलं असतं, कोबीच्या बाहेरच्या पानाची झाक त्यात दिसते. असं रोप कुंडीत दिसलं तर फूल यायची वाट न पाहता उपटून टाका.

देशाबाहेर हीच रेष वेगवेगळ्या ठिकाणी ओढलेली आहे. ब्रिटनमध्ये हेच अफूचं झाड घराच्या बागेत फुलासाठी लावायला परवाना लागत नाही. चीक काढला तर गुन्हा. चेक प्रजासत्ताकात निळ्या खसखशीचं पीक खाण्यासाठी शेतात उघड घेतात, शंभर चौरस मीटरपेक्षा जास्त क्षेत्र असेल तर सरकारला कळवायचं. ऑस्ट्रेलियात टास्मानियामध्ये औषध कंपन्यांसाठी परवान्यानं मोठी लागवड होते. तुर्कस्ताननं अमेरिकेच्या दबावाखाली 1971 मध्ये लागवडीवर बंदी जाहीर केली आणि 1974 मध्ये ती उठवली, पण एक अट घालून: बोंडाला चिरा द्यायचा नाही, अख्खं वाळलेलं बोंड कारखान्यात द्यायचं. चोरटी अफू निघायची वाट त्यामुळे बंद झाली. हा उपाय आम्हाला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. शेतकऱ्याचं पीक राहिलं, बी राहिलं आणि चीक हातात आलाच नाही.

युरोपीय संघानं बी मोकळं ठेवलं, पण मोजमाप लावलं. 1 जुलै 2022 पासून तिथे दुकानात विकायच्या खसखशीत किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मॉर्फिन चालत नाही (कोडीनचा थोडा अंश त्यात धरून) आणि पाव-बिस्किटांत 1.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. बियांत मॉर्फिन नसतं असं वर म्हटलं, मग हे कुठून आलं? कापणीत बोंड फुटतं, सालीची धूळ आणि वाळका चीक बियांना बाहेरून चिकटतो. यंत्रानं बोंड चिरडलं तर जास्त. म्हणून एका पोत्यात किलोमागे एक-दोन मिलिग्रॅम निघतं आणि दुसऱ्यात काही शे.

घरच्या रश्श्याला हा हिशेब लावून बघा. एक किलो मटणाच्या पांढऱ्या रश्श्याला दोन टेबलस्पून, म्हणजे साधारण 18 ग्रॅम खसखस पडते. सहा माणसांत माणशी 3 ग्रॅम. युरोपच्या मर्यादेतली खसखस असेल तर माणशी 0.06 मिलिग्रॅम मॉर्फिन. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं एका वेळची सुरक्षित मात्रा वजनाच्या किलोमागे 0.01 मिलिग्रॅम धरली आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 0.6. दहापट फरक आहे, शिवाय भिजवून, वाटून, उकळून आणखी कमी होतं. अशा खसखशीचा रस्सा मोठ्यांनी बिनघोर ओरपावा.

पण सहा किलोच्या बाळाला हीच मात्रा 0.06 वर येते. बाळ शांत झोपावं म्हणून खसखशीचं पाणी किंवा दूध देण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. पोतं कोणतं लागेल ते कुणालाच माहीत नसतं आणि बाळाचा श्वास मंदावण्याचा धोका खरा आहे. तान्ह्या मुलाला ते देऊ नका. मोठ्यांसाठीही खसखस कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून ते पाणी ओतून टाका आणि मग वाटा. चिकटलेलं द्रव्य पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी प्यायचं नाही. न धुतलेल्या खसखशीचे काढे पिऊन अमेरिकेत माणसं दगावली आहेत.

आखातात द्यायच्या मसाल्याचं काय करायचं? वेगळा घाणा करा. एक किलो मिरचीच्या कांदा-लसूण मसाल्यात पन्नास-शंभर ग्रॅम खसखस पडते, तिच्याऐवजी तेवढेच पांढरे तीळ आणि थोडं जादा सुकं खोबरं घ्या. चुकतं ते डंकावर. आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला उखळात आणि मुसळाला चिकटलेला असतो आणि त्यात खसखस हमखास असते. सकाळचा पहिला घाणा मागा, किंवा आधी अर्धा किलो धणे कुटून घ्या आणि ती धणेपूड घरी वापरायला बाजूला ठेवा. भाजायची कढई आणि चाळणही धुऊन घ्या. विकतचा मसाला देत असाल तर पाकिटावर घटकांत ‘पॉपी सीड’ आहे का ते वाचा. गरम मसाल्यातही असते. पांढऱ्या रश्श्याला तिकडे दोन टेबलस्पून मगज बी आणि एक टेबलस्पून पॉलिशचे तीळ अर्धा तास भिजवून काजूबरोबर वाटावेत. तीळ यापेक्षा वाढवले तर रस्सा कडसर होतो.

शेवटचा मुद्दा तालमीतल्या पोरांसाठी आणि मर्चंट नेव्हीत जाणाऱ्यांसाठी. खसखस खाल्ल्यावर साधारण दोन दिवस लघवीत मॉर्फिन सापडू शकतं, नशा अजिबात नसताना. अमेरिकेत नोकरीच्या चाचण्यांत या कारणानं इतके निरपराध लोक अडकले की 1998 मध्ये मॉर्फिनची मर्यादा मिलिलिटरमागे 300 नॅनोग्रॅमवरून 2000 वर नेली. 2023 च्या फेब्रुवारीत तिथल्या संरक्षण खात्यानं सैनिकांना खसखस टाळायलाच सांगितलं. खेळातली मर्यादा याहून कडक आहे, 1000 नॅनोग्रॅम. मॉर्फिनवर बंदी फक्त स्पर्धेच्या काळात असते, पण तो काळ आदल्या रात्री 11 वाजून 59 मिनिटांनी सुरू होतो आणि खसखस घातलेली थंडाई तर त्याच्या आधी प्यालेली असते. शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. ‘वस्तादांनी दिली’ हे उत्तर चालत नाही. कुस्तीच्या आधी तीन दिवस थंडाईतली खसखस काढून टाका. बदाम, काकडीचं बी, बडीशेप, मिरी तशीच राहू द्या आणि दाटपणासाठी मगज बी वाढवा. जहाजावर रुजू होण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीलाही हेच तीन दिवस पाळा. तरीही चाचणी पॉझिटिव्ह आली तर लगेच लेखी हरकत घ्या आणि पुढची यंत्रावरची सविस्तर तपासणी मागा. पहिली पट्टी मॉर्फिन कुठून आलं ते सांगत नाही. सविस्तर तपासणीत थिबेन सापडलं तर मॉर्फिन खसखशीतून आल्याचा तो चांगला पुरावा असतो, कारण शुद्ध मॉर्फिनच्या गोळीत थिबेन नसतं.